छत्र्या दुरुस्त करणारा सामुराई

बाबा, तुमचा तो छत्र्या दुरुस्त करत गावोगाव फिरणारा सामुराई आता बाई झालाय. खोटं नाही सांगत. त्या जुन्या सिनेमावरून जपानात नवी मालिका निघालीय. त्यात तो चाळिशीची बाई आहे, तलवारीच्या जागी सायकल आहे, आणि तोंडाला मास्क लावून ती टोकियोत पार्सलं पोचवते. मला आधी संशयच आला. जुना नायक असा धुऊनपुसून पुन्हा उभा करतात, तेव्हा नवं काही सुचायचं बंद झालेलं असतं, असं माझं ठाम मत. तुम्ही मला संशयी कार्टी म्हणायचात ना, ती मी इथे नेदरलँड्सला येऊनही तशीच राहिलेय.

मालिका माझ्याकडे आली ती कामासाठी. नवऱ्याच्या पाठोपाठ डिपेंडंट व्हिसावर इथे नीउ-व्हेनेप गावी आले, काही वर्षं घरीच होते, मग मराठी सबटायटल्स लिहायचं हे काम मिळालं. आता लॉकडाऊनमध्ये नवरा जेवणाच्या टेबलावर दिवसभर मीटिंगमध्ये, मुलाची शाळा वरच्या खोलीत लॅपटॉपवर, आणि मी पलंगाच्या कडेला मांडीवर उशी घेऊन ओळी लिहितेय. मुलगा मधूनच येऊन बघतो. ही बाई खूप कूल आहे, असं त्याने इंग्रजीत सांगितलं. मी मराठीत म्हटलं, असेल, पण आमचा सामुराई बघायला हवा होतास.

आमचा, म्हणजे तुमचाच. सांगलीतली ती फिल्म सोसायटी, शाळेचा हॉल, रविवारची सकाळ, खिडक्यांना लावलेली काळी कापडं. खालची इंग्रजी अक्षरं अर्ध्या लोकांना वाचता यायची नाहीत आणि उरलेल्यांना दिसायची नाहीत, म्हणून तुम्ही पडद्याशेजारी माइक घेऊन उभे राहता आणि कोण काय बोलतंय ते मराठीत सांगता. मी दहा वर्षांची, पुढे सतरंजीवर. शेवटी सामुराई गाव सोडून निघतो, एक म्हातारी दारात उभी असते, आणि तुम्ही हळूच म्हणता, "आजी, माझी वाट बघू नका. जेवून घ्या." हॉलमध्ये बायका पदराने डोळे पुसायच्या. आईसुद्धा.

नव्या मालिकेतही तो प्रसंग आहे. बाई सायकलवर बसते, म्हातारी दारात असते. मी विचार न करता तुमचं वाक्य लिहून टाकलं. माझं काम तपासणाऱ्या बाई पुण्यात जपानी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांचा फोन आला. "अहो, तिथे कुणी बोलतच नाही. हे तुम्ही कुठून आणलंत?" मी म्हटलं, जुन्या सिनेमात आहे. त्या म्हणाल्या, तिथेही नाही. मला राग आला. मास्तरकीची सवय जात नाही एकेकाची, असं नवऱ्याला ऐकवलं आणि जुना सिनेमा शोधून काढला. मिळाला तो डच सबटायटल्सचा. माझं डच भाजी आणि डॉक्टरपुरतं आहे, पण गप्प राहिलेला माणूस समजायला तेवढंही लागत नाही. सामुराई म्हातारीकडे बघतो, मान वळवतो आणि जातो. खाली एक अक्षर नाही. आधीही जिथे जिथे तो गप्प होता, तिथे तुम्ही पदरचंच घातलं होतंत, बाबा. पहिल्यांदा मला हसू आलं.

मग भांडी घासता घासता हसू गेलं. दुसऱ्याच्या तोंडी इतकं खरं वाटणारं वाक्य घालणारा माणूस आणखी कुठेकुठे तसं करून गेला असेल, हा विचार एकदा आला तो जाईना. आठवला तो दिवस: माझा शेवटचा पेपर संपतो, मी कॉलेजच्या फाटकातून बाहेर येते, आणि तुम्ही सांगलीहून येऊन पुण्यात उभे असता, न विंचरलेले केस, हातात पाण्याची बाटली. आई दोन दिवसांपूर्वीच गेली होती. मला का नाही बोलावलं, असं मी तिथेच रस्त्यावर ओरडले. तुम्ही म्हणालात, तीच म्हणाली, पोरीचा पेपर होऊ दे, मग सांगा, माझ्यासाठी वर्ष घालवायचं नाही तिने. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. तुमच्यावर रागवायचं राहूनच गेलं.

मिरजेच्या दवाखान्यात आईजवळ तुमच्याखेरीज एक मावशीच होती. ती आता ऐंशीची, जयसिंगपूरला एकटी. विमानं बंद, म्हणजे समोर बसून विचारायची सोय नाही. नवरा म्हणाला, "कशाला उकरतेस? कळून काय करणार आहेस?" आठ दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. मावशीला काही झालं तर विचारायला कुणी उरणार नाही, ही भीती वेगळीच. शेवटी एका सकाळी लावला. लस, गुडघे, दूधवाला असं सगळं झाल्यावर विचारलं, आई शेवटी माझ्याबद्दल काय म्हणाली गं?

"अगं, तिला बोलता कुठं येत होतं? घशात नळी होती की. चार दिवस नुसती दाराकडं बघायची."

मग तिने विचारलं, का, तुझे बाबा काय बोलले होते? मी म्हटलं, काही नाही, सहज आठवलं. तुम्हाला वाचवलं मी तेव्हा, आणि फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले. बसने पाच-सहा तासांवर होते मी, बाबा. पेपर पुन्हा देता आला असता. ती दाराकडे बघत होती आणि ते तुम्हाला दिसत होतं. मला न बोलावण्याचं तुम्ही ठरवलंत आणि ते तिच्या नावावर खपवलंत. मी तुमच्यावर भयंकर रागावलेय, आणि भांडायला तुम्ही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं म्हणून लिहिलेलं नाही. फक्त एक कबूल करते. आईचा आवाज आठवायला बसले की त्या एका वाक्याशिवाय मला दुसरं काही ऐकू येत नाही. ते तिने म्हटलेलंच नाही हे आता ठाऊक आहे. तरी ऐकू येतं तिच्याच आवाजात, आणि मी ते पुसत नाही.