डोळे बांधलेली बाई

कर्जत, शनिवार संध्याकाळ
नोव्हेंबर १९८१

अजून अंगावर काटा आहे. आधी लिहून टाकते.

माझ्या मैत्रिणीच्या, नलूच्या भावाने लंडनहून चित्रांचे पत्ते आणलेत, टॅरो म्हणतात त्यांना. आज तिने ते माझ्यापुढे मांडले. मी म्हटलं, भविष्य नको मला.

"भविष्य नाय गं, मागचं बघ. एक पान उचल. तुझ्या नि वसंताच्या गोष्टीत ते कोण, सांग."

वसंता कडावचा. आमचं लग्न ठरत आलं होतं, आणि एक दिवस त्याने काही न सांगता येणंच बंद केलं. दगड आहे तो, असंच मी आजवर धरून चालले.

पानावर एक बाई होती. डोळ्यांना पट्टी, हात बांधलेले, भोवती तलवारी. ही मीच, दुसरं कोण? पण तोंडातून निघालं, "हा वसंता."

ती पट्टी बघता बघता शिळफाट्यावरची शेवटची भेट पुन्हा डोळ्यांपुढे आली. तो दोनदा बोलायला गेला होता आणि दोन्ही वेळा त्याच्या थोरल्या भावाने टेंपोतून हाक मारली होती. हे मला कधीच का दिसलं नाही?

नलूकडून येताना वसंताच्या दूध डेअरीवर गेले. एरवी मी रस्ता बदलते. विचारलं, "शिळफाट्यावर तुला काय सांगायचं होतं?"

तो उठून उभा राहिला.

"तुला आटवतंय?" एवढंच म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

मला वाटायचं, ती भेट फक्त मलाच आठवते.