बंद केबिनमधला चहा

आबा,

तुम्हाला आठवतं का, एका शनिवारी आपण दोघं पोकलेनच्या केबिनमध्ये बसून जेवलो होतो? ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथेच मी नुकती शिकवायला लागले होते. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून आईने बांधून दिलेला तुमचा डबा घेऊन मी रिक्षाने हायवेवर वर्कशॉपला यायचे. बाहेर चैत्राचं ऊन, शेडचे पत्रे तापून कडकड वाजतायत, आणि तुम्ही त्या पिवळ्या धुडाच्या पायरीवर उभं राहून मला हात देताय. "चढ बेटा, चढ. आठे बठ." मी साडी सावरत चढले, तुम्ही दार लावलंत आणि एसीचं बटण फिरवलंत. कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. ठेच्याने नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि पाठीवर मात्र गार हवा येत होती. "थंड शे ना?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "आबा, धुळ्यात मे महिन्यात स्वेटर लागेल आता." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, आणि खाली उभा असलेला ऑपरेटर काचेवर टकटक करून ओरडला, "आबा, जेवण झालं असेल तर मशीन द्या! खाणीवर मुकादम माझ्या नावाने शंख करतोय."

तो जेवणाचा हट्ट नव्हता, तो तुमचा नियम होता. इंजिनाच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा एसीचा कंप्रेसर दुरुस्त झाला, गॅस भरला, की मशीन लगेच ऑपरेटरच्या हवाली करायचं नाही. आधी तुम्ही स्वतः केबिनमध्ये बसायचं, दारं-काचा बंद करायच्या, एसी पूर्ण चालू करून सावकाश एक चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत तुम्हाला घाम आला नाही, तर मशीन पास. हा नियम कशातून आला तेही मला माहीत आहे. दगडाच्या खाणीवर एका ऑपरेटरचा कंप्रेसर बंद पडला होता. धूळ इतकी, की काच उघडता येईना. तो तसाच बंद केबिनमध्ये काम करत राहिला आणि भोवळ येऊन पडला. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याला बघून तुम्ही घरी आलात तेव्हा जेवला नाहीत. "मशीन आपल्याकडून गेलं होतं," एवढंच आईला म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून चहा सुरू झाला.

तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून कंपनीची पुस्तकं तुम्ही माझ्याकडून वाचून घ्यायचात. सिस्टरनी घासूनपुसून घेतलेले माझे उच्चार ऐकून तुम्ही उगाच मान डोलवायचात. काळ्या चौकटीतले इशारे मला कंटाळवाणे वाटायचे, मी पान उलटायला लागले की तुम्ही बोट ठेवायचात. "हाई आधी वाच. बाकी माले समजी जाईन." ज्वलनशील म्हणजे काय, हे मी तुम्हाला मराठीत सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढा मोठा शब्द कशाला, पेटतं म्हण.

आबा, आता वर्कशॉप माझ्या पाठचा धाकटा चालवतो. चांगला चालवतो, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याच्यावर रागवाल आणि ते मला नको आहे. हायवे रुंद झाला, खडीचे क्रशर वाढले, डंपर आणि पोकलेन पूर्वीच्या कितीतरी पट आले. उन्हाळाही पूर्वीचा राहिला नाही. मार्चपासूनच मशीनची रांग लागते. तुमचा चहाचा नियम त्याने मोडला नाही. उलट सगळ्यांना अभिमानाने सांगतो, "आमच्याकडे मालक आधी बसतो, मग ऑपरेटर." लोक त्यासाठी लांबून येतात. फक्त तुम्ही चहा प्यायचात, आणि तो चहाबरोबर सिगारेट ओढतो.

यंदा चैत्रात मी सासरहून, जळगावहून एसटीने धुळ्याला गेले, स्टँडवरून थेट वर्कशॉपलाच. तो एका डंपरच्या केबिनमध्ये बसला होता, हातात ग्लास. मला बघून दार उघडलं, "ये अक्का, थंड हवा खा." मी पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. आबा, स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. रात्री शेगडीचं बटण अर्धवट राहावं आणि सकाळी दार उघडल्यावर जो वास अंगावर येतो, तसा. अगदी पुसट. माझा हात आपोआप हवेत गेला, जणू तिथे रेग्युलेटर होता. मी म्हटलं, "अरे, हा कसला वास?"

"कोणता वास?"

"घरच्या गॅसचा."

तो हसला. "अक्का, तू मास्तरीण शे, वास बी तपासस का? शेगडी चालू ठेवून आली असशील जळगावला."

खाली उतरल्यावर मी शेडमागे गेले. तिथे गॅसच्या टाक्या उभ्या होत्या. तुमच्या वेळी टाकीवर कंपनीचं नाव, गॅसचं नाव, सगळं छापलेलं असायचं, आणि तुम्ही ते माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय नळी जोडत नव्हता. या टाक्यांवर काहीच नव्हतं. नुसता रंग मारलेला, तोही घाईत. मी त्याला विचारलं तेव्हा त्याने लपवलं नाही. कबूलच केलं. चांगला गॅस हंगामात वेळेवर मिळत नाही, ठेकेदाराची माणसं डोक्यावर उभी असतात, आणि हा घरचा गॅस मिसळलेला माल जास्त गार करतो. "सगळेच भरतात अक्का. काही व्हवाव नही." मी म्हटलं, "पण हा पेटतो रे." तो म्हणाला, "पेटला असता तर मी रोज आत बसलो असतो का? आबा बसायचे, तसा मी बसतो. अजून काय पाहिजे?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आता सुचतं. तुमच्या चहाने हवा गार आहे की नाही, एवढंच कळायचं. गॅस कोणता आहे हे चहा सांगत नव्हता. ते टाकीवर वाचून आधीच ठरलेलं असायचं. ज्यात गॅस फिरतो ती एसीची जाळी सीटच्या मागेच असते. तिथे कुठे बारीकशी गळती झाली, तर तो गॅस बंद केबिनमध्ये साचत राहतो, आणि आत माझा भाऊ काडी ओढतो. तुम्ही ऑपरेटरचा जीव वाचवायला जी जागा निवडलीत, तीच आता सगळ्यात वाईट जागा झाली आहे, आणि तो तिथे तुमच्या नावाने जाऊन बसतो.

मी तिथेच होते तेव्हा चोपड्याकडचा एक ऑपरेटर आला. दोन्ही हातांना पट्ट्या, भुवया जळून गेलेल्या. क्रशरवर त्याच्या केबिनमध्ये एकदम भडका उडाला होता. शॉर्ट सर्किट, असं क्रशरच्या मालकाने लिहून दिलं. ते मशीन आपल्याकडून गेलं होतं. तो भांडायला आला नव्हता, आबा. दुसरं मशीन दाखवायला आला होता. चहा घेताना सहज म्हणाला, "भाऊ, आगीआधी वास येत होता. बायको घरी सिलिंडर बदलते ना, तसा."

धाकटा म्हणाला, "डिझेलचा असेल."

"डिझेल मी वीस वर्षं हुंगतोय, भाऊ," तो म्हणाला आणि शेडमागच्या टाक्यांकडे बघत राहिला. मग पट्टीतल्या हातांनी ग्लास खाली ठेवायला धडपडला, तो मी घेतला. धाकट्याने सिगारेट काढली, आणि त्याच्या पट्ट्यांकडे बघून परत खिशात ठेवली. मला वाटलं, समजलं याला. तो ऑपरेटर गेल्यावर त्याने ती पेटवली.

मग अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आली. आखाजीला लेकीने माहेरी यायचं, ते मी अजून चुकवत नाही, या वयातही. वहिनीने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. धाकटा दरवर्षी विचारतो तसं यंदाही विचारलं, "अक्का, आखाजीले काय देऊ तुले?" दरवर्षी मी म्हणते, काही नको, तुम्ही सुखी राहा. यंदा म्हटलं, "त्या टाक्या काढून टाक. नाव नसलेली एकही टाकी शेडमध्ये नको. हीच माझी आखाजी."

त्याने ताटातला हात थांबवला. "लुगडं मांग, सोनं मांग. मना धंदा मांगू नको."

"धंदा नाही मागत. तुला मागतेय."

"म्हणजे मी मरणार, असं आखाजीच्या दिवशी तुझ्या तोंडून निघतंय," असं म्हणून तो उठला. वहिनी माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. ताटं उचलताना ती हळूच म्हणाली, "अक्का, यांच्या शर्टालाही तो वास येतो. मी धुताना उंबऱ्याबाहेर धुते." उन्हं कलली तेव्हा तो वर्कशॉपला निघून गेला, आणि मी एसटीत बसले. पारोळ्यापर्यंत बाहेर बघत होते. रस्त्याच्या कामावर पोकलेन चालू होते, काचा बंद, आतला माणूस दिसत नव्हता. प्रत्येक केबिन बघून मनात यायचं, हे कुठून भरून आलं असेल?

तुम्ही जाताना धंदा धाकट्याच्या नावे केलात आणि जागा माझ्या. तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं, मलासुद्धा. मी त्या जागेचा विषय आजवर कधी काढला नाही. सोमवारी काढणार आहे. माझं कुलूप घेऊन जाणार आहे आणि सकाळी तो यायच्या आत गेटला लावणार आहे. तो माझ्याशी बोलणार नाही, कदाचित पुढच्या आखाजीला मला माहेर नसेल. चालेल. तो माझ्याशी न बोलायला तरी हवा.

आणि त्याने ऐकलंच नाही, कुलूप कायमचंच राहिलं, तर शेडमधलं काय कुणाला जावं हे इथे लिहून ठेवते. गॅसचा दाब मोजायचा गेजचा सेट आणि व्हॅक्यूम पंप नरडाण्याच्या मिस्त्रीला. तुमच्या हाताखाली शिकला, आणि टाकीवरचं नाव वाचल्याशिवाय अजून नळी जोडत नाही. मुलांना दाखवायला तुम्ही मधोमध कापून ठेवलेला कंप्रेसर आयटीआयला. काम पकडायचा मोठा व्हाइस टेबलासकट धाकट्याचा, तो कुणी हलवू नये. जागासुद्धा त्याचीच, मी स्वतः लिहून देईन, ज्या दिवशी शेडमध्ये छापील नावाचीच टाकी उभी असेल त्या दिवशी. त्या बिननावाच्या टाक्या कुणालाही नाहीत. भंगारवाल्याला तर मुळीच नाहीत, तो कटर लावेल. अग्निशमनवाल्यांना बोलावून उघड्यावर रिकाम्या करून घ्याव्यात. तुमचा फोटो मी जळगावला आणते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगता येते. फोनवर धाकट्याचं नाव दिसलं की तो सुखरूप आहे हे कळतं, मी लगेच उचलते, मग फोन भांडायलाच का केलेला असेना. वहिनीचं नाव दिसलं, की मी फोन वाजू देते.