चार नंबरच्या पोटातली रास

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग तूर्त कागदावरचाच समजावा. सध्या इथे एक अंग जमिनीला टेकवलं तरी उठताना ते पांढरं होऊन येतं; आठही टेकवून तुमच्याकडे आलो तर मामी मला तुम्ही समजून दाराबाहेरच उभं करतील.)

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा जिना चढू देतो का? खोकला सकाळपुरताच आहे, की संध्याकाळच्या पाळीलाही हजर असतो? मामींच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम तुमच्याकडे आहे असं ऐकलं. चाळीस वर्षं तुमच्या कपड्यांची धूळ त्यांच्या डोळ्यांत गेली, तेव्हा ही फेड रास्तच म्हणायची. इकडे सर्व कुशल. म्हणजे दिसतात तेवढे कुशल. कारखान्यात चार नंबरच्या पट्ट्यापाशी पाच हातांवरचा माणूस दिसत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी मी अनुमानानेच बोलतो. धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे मला शाळेतल्या शास्त्रीबुवांनी शिकवलं. धूळ खोकली की आत माणूस आहे असं समजावं, हे कारखान्याने.

दोन वर्षांत पत्र नाही, याचा दोष टपालवाल्याचा नाही. तो बिचारा रोज येतो, आणि हल्ली रुमाल बांधून येतो.

तुम्ही हे पत्र मामींना वाचून दाखवाल, म्हणून त्यांच्यासाठी थोडा खुलासा. फुटलेला दगड तीन नंबरच्या पट्ट्यावरून येतो, एका उभ्या लोखंडी पेटीतून खाली पडतो आणि चार नंबरच्या पट्ट्यावर बसून पुढे जातो. काम एवढंच, एकाने दुसऱ्याच्या हवाली करायचं. पण मुलगी सासरी पाठवताना जी काही रडारड आणि सांडलवंड व्हायची ती उंबरठ्यावरच होते, तसंच इथेही आहे. सगळी धूळ त्या पेटीच्या तोंडाशी. तुम्ही हयातभर त्या उंबरठ्यावर बसलात, आणि आम्ही घरचे लोक तुम्हालाच धुळीचं मूळ समजत राहिलो.

समजायला कारणही तसंच होतं म्हणा. संध्याकाळी तुम्ही फाटकातून आलात की आधी दोन डोळे दिसायचे, मग हळूहळू मामा. मामी फडकं घेऊन दारात उभ्या. पण फडक्याच्या आधी माझी पाळी असायची. तुम्ही पायरीवर पाठमोरे बसायचे आणि मी तुमच्या सदऱ्याच्या पाठीवर बोटाने त्या दिवशीची रूपं लिहायचो. देवः देवौ देवाः. (पाटी फुटली होती आणि नवी मिळायला परीक्षा उजाडणार होती, ही त्यातली शैक्षणिक बाजू.) तुम्हाला संस्कृताचं अक्षर येत नव्हतं. तरी तिसऱ्या ओळीशी तुम्ही म्हणायचे, "थांब. इथे तुझं बोट अडखळलं. इथे तुला येत नाहीये." पुस्तक उघडून पाहावं तर नेमकं तिथेच चुकलेलं. शास्त्रीबुवांना माझी चूक काढायला चष्मा लागे, तुम्हाला पाठ पुरे. पुढे कळलं, पट्ट्याचंही तुम्ही तसंच करायचे. पेटीवर तळहात ठेवून उभे राहायचे, आणि आतला दगड कुठे बिथरलाय ते सांगायचे. संस्कृतात पहिला आलेला मुलगा यंत्रांकडे का वळला असं लोक विचारतात. त्यांनी ती पाठ पाहिलेली नाही.

असो. तर तुम्ही निवृत्त झालात, मी देखभालीचा प्रमुख झालो, आणि कसं कोण जाणे, दुसऱ्याच आठवड्यात चार नंबरची धूळ वाढली. आधी यंत्र रुसलं असं वाटलं. मग कॅन्टीनच्या पाण्यावर साय धरू लागली. शेजारच्या वस्तीतल्या बायका वाळत घातलेले कपडे घेऊन फाटकावर आल्या आणि ते आमच्याच अंगावर झटकून गेल्या. तेव्हा मोठ्या साहेबांनी एक सल्लागार आणला. माणूस इतका चकाचक की कामगारांनी त्याला 'लाँड्री' नाव ठेवलं.

लाँड्रींनी पंचमहाभूतांना एकेक करून साकडं घातलं. पहिलं आपतत्त्व. पेटीच्या तोंडाशी पाण्याचे फवारे लावले. धूळ बसली हे खरं, पण ती पट्ट्यावर चिखल होऊन बसली. पट्टा ओल्या फरशीवरच्या पाहुण्यासारखा घसरू लागला आणि पुढच्या चाळण्या बुजल्या. मग वायुतत्त्व. एक मोठा पंखा आणला, धूळ ओढून पिशव्यांत भरणारा. त्याने पहिल्या दिवशी सुपरवायझरची टोपी ओढली, दुसऱ्या दिवशी कामाच्या परवानग्यांचा गठ्ठा, आणि पिशव्या दुपारच्या आत तुडुंब. मग पेटीच्या कडांना रबराचे पडदे असे आवळले की श्वास घ्यायला फट राहू नये. तुम्ही म्हणायचे ना, दगड कधी एकटा पडत नाही, सोबत वारा घेऊन पडतो. त्या वाऱ्याला पुढचं दार दिलं नाही तर तो भिंत फोडतो. अगदी तसंच झालं. वारा दिसेल त्या भोकातून बाहेर पडला, आणि आवळलेल्या रबराने पट्ट्यावर असा चर कोरला की त्यात पन्हाळ चालवावी. (लाँड्री त्याच दिवशी आजारी रजेवर गेले. परत आले ते खाकी सदऱ्यात.) पृथ्वी आमच्याकडे आधीच मुबलक होती. तेज म्हणाल तर मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत. आकाश मात्र दिसायचं बंद झालंय.

आता अशी गोष्ट आहे की येत्या वीस तारखेला तपासणीचे लोक हवेचा नमुना घ्यायला येत आहेत. नमुना बिघडला तर चार नंबरला कुलूप, आणि त्याच्यावरची अकरा माणसं घरी. त्यांत आपल्या घमेलेवाल्या मावशीही आल्या. परवा त्यांच्यापाशी उभा होतो. कंबर सरळ करत म्हणाल्या, "मामा होते तेव्हा पाळीला सहा घमेली सांडलेलं उचलायची. आता साठ उचलते. शिकलेला साहेब आला ना, प्रगती व्हायचीच." मी शिकलेल्या माणसासारखं ते वहीत टिपून घेतलं.

बाकी विशेष काही नाही. हवापालटासाठी इकडे यावं असं म्हटलं असतं, पण सध्या हवा पालटण्याचीच वाट पाहतो आहोत. मामींना नमस्कार. आपला गुडघा जपावा.

आपला आज्ञाधारक (हे मामींना वाचून दाखवताना हसू नये) भाचा

ता. क. एक किरकोळ चौकशी राहिली. त्या पेटीच्या आत, मध्यावर कुठेतरी, एक आडवी लोखंडी फळी होती असं ऐकतो. तुम्ही ती स्वतः जोडून घेतलेली, त्यामुळे कारखान्याच्या नकाशात ती नाही. ती किती उंचीवर होती आणि किती पुढे आलेली, एवढं सवडीने कळवावं. सवडीने म्हणजे वीस तारखेच्या आत.

ता. क. २. 'ऐकतो' हे खोटं. फळी मी पाहिली होती. प्रमुख झाल्याच्या पहिल्या आठवड्यात पेटीचं दार उघडलं, तर आत फळीवर दगडांची ही एवढी रास. मला वाटलं, मामांनी चाळीस वर्षं आतून झाडलंच नाही. रास उपसली, फळी गॅसने कापली, आणि 'स्वच्छता मोहीम यशस्वी' असा अहवाल दिला. शाबासकीही मिळाली. मावशींनी परवा सहा घमेल्यांचा हिशेब झाल्यावर हळूच सांगितलं, "ती रास मामांनी बसवलेली होती. वरून आलेला दगड त्या दगडांवर टेकायचा, दम खायचा, मग घरंगळत पट्ट्याच्या मधोमध उतरायचा. तुम्ही पोटातली उशी काढलीत, आता तो लोखंडावर डोकं आपटतो." साफ करायला गेलो, आणि कारखान्यात तेवढी एकच गोष्ट होती जी साफ करायची नव्हती. हे मोठ्या साहेबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला, मग त्यांना. तुम्ही रागावलात तर त्यांचं रागावणं जड जाणार नाही.

ता. क. ३. तुमच्या निरोपसमारंभात मी म्हणालो होतो, की मामांबरोबर चार नंबरची धूळही निवृत्त होते आहे. सगळा हॉल हसला. तुम्ही हार काढून खुर्चीवर ठेवलात आणि गुडघ्याचं निमित्त करून निघालात. दोन वर्षं मी मनाशी म्हणतोय, की विनोद चांगला होता, मामांना कळला नाही. आता त्या वाक्याची धूळ रोज माझ्याच ताटात पडते, तेव्हा कळतं की ज्याला कळलं नव्हतं तो मीच होतो. तुम्ही पांढरे होऊन घरी यायचे ते पेटीशी तुम्ही उभे राहायचे म्हणून. बाकीचे स्वच्छ घरी जायचे.

शनिवारी सकाळी सातला गाडी दाराशी येईल. उंची पत्राने कळवू नका. मोजमाप मला वाचता येतं, पण तळहात वाचता येत नाही. ड्रायव्हरला सांगितलंय, मामा नाही म्हणाले तर तिथेच पायरीवर बसून राहा, पाठमोरा.

आणि हे पत्र लिहिताना माझं बोट कुठे अडखळलं, ते मामींना शेवटपर्यंत वाचून दाखवायच्या आधीच तुम्ही सांगितलं असणार.