आईचं वाक्य

सान लूकास, ओआहाका
१४ ऑक्टोबर २०१६

प्रिय फिदेंसियो,

तू, ग्रासिएला आणि मुली खुशाल असाल असं धरून चालते. इकडे मका यंदा बरा आलाय. आपल्या धाकट्या मेलितोननं चर्चच्या सगळ्या बाकांना नवे पाय बसवले, तेव्हा पाद्रीबाबांनी त्याला सर्वांदेखत मिठी मारली आणि तो लाजून लाल झाला. आईच्या पायाला जरा लागलंय, त्याबद्दल पुढे लिहिते.

बाजाराच्या भिंतीवर तुझं वाक्य रंगवलंय, चेहऱ्यासकट. चेहरा काही जमलेला नाही, तू आपल्या जुन्या पोस्टमनसारखा दिसतोस. अक्षरं मात्र लांबून वाचता येतात: ‘आमच्याकडे पैसे नव्हते, पण आम्ही गरीब नव्हतो.’ खाली आईचं नाव. बसमधून उतरणारे लोक तिथे उभे राहून फोटो काढतात.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशील. तुझ्या फोनवर तुझ्या ऑफिसातली ती मुलगी गोड आवाजात सांगते, सर स्टेजवर आहेत. आणि तू फोन करतोस तेव्हा आई माझ्या हाताला धरून उभी असते. तुला काही कळवायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातलीय. म्हणून लिहितेय.

तुझं मोंतेर्रेमधलं भाषण आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून बघितलं. जमीनदार येतो, त्याचे चकचकीत बूट, हातात नोटांचं बंडल. आई दारात ताठ उभी राहून ते वाक्य बोलते, आणि तो मान खाली घालून परत जातो. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण फिदेंसियो, आपल्या गल्लीत जमीनदार कधी आला रे? ती क्लोतिल्देकाकू होती. तिच्या पायात रबरी चपला होत्या आणि हातात मोलेचा मसालेदार रस्सा घातलेल्या भाताची ताटली होती. काकूला तू पार मिशा लावून टाकल्यास.

तू तेव्हा लहान होतास, आईच्या घागऱ्याआड उभा. मी मोठी, मला सगळं आठवतं. बाबा सीमेपलीकडे अमेरिकेत कामाला गेले होते आणि त्यांच्याकडून काहीच येईनासं झालं होतं. काकूची आधीची एक ताटली आपल्याच घरात पडून होती. तिच्यात घालून द्यायला आईकडे काही नव्हतं, आणि रिकामी ताटली ती परत कशी करणार? इथे कुणी करतं का? दोन लिंबं तरी ठेवतोच आपण. आई रोज ती ताटली घासायची आणि पुन्हा उलटी घालून ठेवायची.

तेवढ्यात काकू दुसरी घेऊन आली.

“अगं, पोरांसाठी आणलंय. ताटलीची कसली घाई, राहू दे तुझ्याकडेच,” ती म्हणाली.

तिनं ताटलीचं नाव काढायला नको होतं. आईचा चेहरा बदलला. “क्लोतिल्दे, आमच्याकडे पैसे नाहीत, पण आम्ही गरीब नाही,” असं म्हणून तिनं दार लावून घेतलं. मग दाराला पाठ टेकून ती खाली बसली आणि तोंडात शालीचं टोक कोंबून रडली. तू विचारलंस, “आई, भात गेला?” हे तू स्टेजवर सांगत नाहीस. तुला आठवतच नसेल, म्हणून तुला दोष देत नाही.

पण त्यानंतर आपल्या दारावर कुणी थाप मारली नाही. लोक वाईट नव्हते, त्यांना वाटलं, ही मानी बाई आहे, उगाच कशाला दुखवायचं? आणि आईनंही कुणाचं दार वाजवलं नाही. मेलितोन तापानं फणफणला होता तेव्हासुद्धा नाही. तो नुकता गाणी म्हणायला लागला होता. काकूच्या नवऱ्याचा ट्रक समोरच उभा होता. मी म्हटलं, “आई, मी जाऊन सांगू त्यांना?” ती म्हणाली, “बाजाराच्या दिवशी बस येईल.” बस आली. दवाखान्यात त्याचा जीव वाचला, कान मात्र गेले. डॉक्टर आईला एवढंच म्हणाले, बाई, आधी आणायला हवं होतं.

आई याबद्दल आजवर एक शब्द बोलली नाही. तुझ्या भाषणात मेलितोनचं नावही नसतं, हे तिच्या लक्षात आलंय. तिला त्यामुळे बरंच वाटतं, असं मला वाटतं.

आता पायाचं. जरा लागलंय असं वर लिहिलं, ते खरं नाही. साखर वाढलीय आणि टाचेची जखम काळी पडलीय. खोलीत शिरलं की वास येतो. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण म्हणते, लगेच शहरात नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर गुडघ्याखालचा पाय जाईल, आणि त्याहीपुढे उशीर केला तर आई जाईल. गल्लीतल्या बायकांनी पैसे उभे करायला चौकात खाण्याची जत्रा भरवायचं ठरवलं. क्लोतिल्देकाकूच्या मुलीनं तामालेसाठी, पानात उकडायच्या त्या वड्यांसाठी, मक्याचं पीठही भिजवलं होतं. त्या आईला सांगायला आल्या. आई काठी टेकत दारात गेली आणि तेच वाक्य बोलली.

आणि फिदेंसियो, त्यांनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आणून, अगदी तुझ्या हॉलमधल्यासारख्या. मग त्या घरी गेल्या.

“मी फिदेंसियोला कळवते,” मी म्हटलं.

“खबरदार,” आई म्हणाली. “माझ्या आईनं आजवर माझ्याकडेसुद्धा काही मागितलं नाही, असं तो जगाला सांगतो. मी पोराला खोटं पाडू?”

मी भांडले, पाया पडले, जेवण टाकलं. उपयोग झाला नाही. तू पैसे पाठवलेस तरी ती परत करेल, हे तुला माहीत आहे. तू स्वतः येऊन तिच्यासमोर म्हणायला हवंस की ते वाक्य तुझं आहे, तिचं नाही, आणि ते तू मोडायला आला आहेस. दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही.

हे पत्र लिहायचं की नाही, शपथ मोडायची की नाही, या विचारात मी होते. काल दुपारी जे झालं त्यानं ठरलं. मेलितोन अंगणात पाठमोरा बसून फळीला रंधा मारत होता. आई त्याच्यामागे खुर्चीत होती. मी परसातून आत येत होते, ते तिला दिसलं नाही.

आई त्याच्या पाठीकडे बघत हळूहळू बोलत होती. “फार दुखतंय रे बाळा. मला शहरात घेऊन चल. लोकांकडे माग, फिदेंसियोकडे माग, लाज नको धरूस. मला मरायचं नाही.” सगळं बोलून झाल्यावर तिनं डोळे पुसले. मेलितोन रंधा मारतच राहिला.

जन्मात पहिल्यांदा आईनं काही मागितलं, तेही ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे.

तुला ऐकू येतं.

तुझी बहीण,
लेओकादिया