फाटक्या पिशवीतलं कणीस

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, मक्याचे नवे वाण तयार करण्यात हयात घालवलेली अविवाहित बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करून ठेवते. परवा माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी सोबत जोडला आहे. छाती धडधडतेय ती ऑपरेशनच्या भीतीनं नव्हे, मक्याच्या काळजीनं.

१. राहतं घर आणि दोन एकर शेत पुतणीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला. तिच्या बापाशी माझी नऊ वर्षं बोलाचाल नाही, तरी ती रोज येत राहिली.

२. वजनकाटा, वह्या आणि फ्रीजमधले बियाण्याचे डबे तिलाच. त्या फ्रीजमध्ये दूध ठेवू नये, दार सारखं उघडलं जातं.

३. संशोधन केंद्रातले माझे साहेब सगळ्यांसमोर हसले होते, "दाण्याचा मका वेगळा, मुरघासाचा वेगळा. बाई, एका दगडात दोन पक्षी?" माझ्या मक्याची कणसं पिकली तरी ताटं हिरवीगार राहतात. दाणा काढून घ्या, हिरवी ताटं खड्ड्यात मुरवून जनावरांसाठी मुरघास करा. साहेबांना काहीही देऊ नये, फक्त शेत दाखवावं.

४. आता खरं सांगते. नऊ वर्षांपूर्वी, परके पराग येऊ नयेत म्हणून कणसावर बांधलेली माझी कागदी पिशवी वाऱ्यानं फाटली आणि बांधापलीकडून थोरल्याच्या घरच्या मक्याचे पराग आत शिरले. "तुझ्या मक्यानं माझ्या कामाचं वाटोळं केलं," असं मी त्याला चारचौघांत बोलले. ते कणीस फेकायला हवं होतं, पण जीव झाला नाही. वहीत खोटं लिहिलं, की पराग त्याच झाडाचे. पुढे त्याच कणसाच्या वंशातून या वाणाची मादी, म्हणजे जिच्यावर बी धरतं ती आई, निघाली. ताटांचा हिरवेपणा तिचा, म्हणजे मुळात थोरल्याच्या मक्याचा. मला लाज वाटते. वाणाच्या हक्कात अर्धा वाटा त्याचा.

५. चार दिवसांत मादीच्या ओळींना तुरे येतील. पराग झडायच्या आत एकूण एक तुरा उपटायचा, फक्त नराच्या ओळींचे ठेवायचे. पुतणीला हे येतं. पण थोरल्याचा मकाही याच आठवड्यात तुऱ्यावर येतोय. त्याचे पराग इकडे आले तर चाचणीला जाणारं बियाणं बाटलं. पुन्हा पेरायला मी असेन का? त्यानं आपला उभा मका आत्ताच हिरव्या चाऱ्याला कापावा. हे मागणं आहे. हुकूम करायला मला तोंड नाही.

पुरवणी: थोरल्याला साक्षीला बोलावलं. त्यानं सगळं वाचलं. "नऊ वर्षं हे पोटात ठेवलंस?" म्हणाला. कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "वाटा-बिटा नको मला, खोड ते. मका उद्या कापतो."

वाटा खोडला आहे. वाणाच्या नोंदीत त्याच्या मक्याचा उल्लेख मात्र राहील.

"उद्या म्हणजे सकाळी का दुपारी?" मी विचारलं.

"अगं बाई, आधी सही कर!"

स्थळ: बियाण्याची खोली
मंगळवार, नऊ तारीख

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. थोरला भाऊ (सहीखाली त्याच्याच अक्षरात: सकाळी सहाला)