सम्यकची काच माझ्यामागे कोणी पुसायची

मी, दौलत सखाराम गमरे, वय वर्षे एकाहत्तर, टूलरूममधून निवृत्त झालेला फिटर, राहणार शहाड, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. अक्षर हलतंय ते पोटातल्या गाठीमुळे, डोक्यामुळे नव्हे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला का होईना, घरात कोणी असतं तर बरं झालं असतं. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, घरच्यांना बोलावून घ्या." मी म्हटलं, घरचा एकच आहे, आणि तो मासे बघत बसलाय.

कलम १. माझी पत्नी मंजुळा हयात नाही. मुलगी दर्शना लग्न होऊन डोंबिवलीला असते. धाकटा भाऊ प्रफुल्ल आंबिवलीला. मुलगा सम्यक, वय सदतीस, जन्मापासून स्वमग्न, बोलत नाही, माझ्याजवळ राहतो. या मृत्युपत्राला कारण तोच आहे. बाकी माझ्याकडे वाटण्यासारखं फारसं काही नाही.

कलम २. शहाडचा फ्लॅट आणि बँकेत जे काही असेल ते सम्यकच्या राहण्याखाण्यासाठी. जो त्याला याच घरात सांभाळेल, त्याला सम्यकनंतर फ्लॅट मिळावा. फ्लॅट विकून सम्यकची 'सोय' करू नये. सोय म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे, ते पुढे येईल.

कलम ३. हॉलमधला फिशटँक सम्यकचा. त्याचा सगळा दिवस त्याच्यासमोर जातो. काचेवर शेवाळ चढलं की त्याला मासे दिसेनासे होतात. मग तो आधी काचेला कपाळ टेकतो, नंतर आपटायला लागतो. डॉक्टरांच्या गोळीने तो नुसता झोपतो. काच पुसली की शांत होतो. त्यामुळे शेवाळ कशाने काढायचं हा प्रश्न या घरात हौसेचा नाही. टूलरूममध्ये आम्ही लोखंड घासायच्या साध्या कानशीलाही हत्यार म्हणायचो, म्हणून इथेही हत्यारच म्हणतो. खाली एकेकाची वाटणी करतो, ती कोणी हसण्यावारी नेऊ नये.

कलम ४. लांब दांड्याचा, पुढे पोलादी पातं असलेला स्क्रॅपर भाऊ प्रफुल्लला द्यावा. त्यानेच तो कल्याणच्या बाजारातून आणलेला. गेल्या वर्षी तपासण्यांसाठी मला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तो सम्यकजवळ राहायला आला. काच हिरवी दिसली म्हणून बिचाऱ्याने चांगल्या मनाने खरवडायला घेतली. काचेवर पोलाद कसं ओरडतं ते मी जन्मभर ऐकलं, मला काही होत नाही. सम्यकला ते सोसत नाही. तो कान दाबून जमिनीवर लोळला, स्वतःचं मनगट चावलं. प्रफुल्ल घाबरला आणि संध्याकाळी त्याला एका संस्थेत ठेवून आला. मी आणायला गेलो तेव्हा सम्यकचा हात ओढणीने खाटेला बांधलेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्रफुल्ल म्हणाला, "दादा, मी एकटा काय करणार होतो? तू तिकडे ॲडमिट, हा इकडे लोळतोय. मला पण बीपी आहे रे." त्याचं खोटं नाही. तरी माझ्या मनातून ती ओढणी जात नाही. स्क्रॅपरचं पातं मी काढून ठेवलं आहे, दांडा त्याने न्यावा.

कलम ५. चुंबकाची जोडी जावई हितेशरावांना परत. त्यातलं एक काचेच्या आत बसतं, एक बाहेर. बाहेरचं फिरवलं की आतलं घासत जातं. देताना ते म्हणाले होते, "पप्पा, हात पण ओला होत नाही." पण तळातला वाळूचा एक कण मध्ये अडकला की काचेला ओरखडा आणि पुन्हा तोच आवाज. ज्याला हात ओला करायचा नाही त्याने हे काम घेऊच नये. चुंबकं फ्रिजला लावावीत.

कलम ६. बंद पडलेलं एटीएम कार्ड टँकच्या स्टँडमध्ये आहे, ते तिथेच राहू द्यावं. घट्ट बसलेल्या हिरव्या ठिपक्यांना ते लागतं. पाण्याखाली धरून हलक्या हाताने वरून खाली न्यायचं. कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लावायचं नाही, टाकी गळेल.

कलम ७. मुख्य हत्यार म्हणजे माझे जुने सुती मोजे. एक हातात कोपरापर्यंत चढवायचा आणि काच गोल गोल पुसायची. अजिबात आवाज होत नाही. दुसरा मोजा सम्यक स्वतःच्या हातात घालतो आणि बाहेरून माझ्या तळव्यासमोर आपला तळवा ठेवून माझ्या हातामागे फिरतो. एरवी तो कोणाला अंगाला हात लावू देत नाही. मलाही नाही. मध्ये काच असते म्हणून तेवढं जमतं, आणि मला तेवढं पुरतं.

हे मोजे मी दर्शनाला देतो.

यंदा बुद्ध पौर्णिमेच्या साफसफाईला ती आली, पडदे धुतले, चादरी धुतल्या, आणि हे मोजेही साबणात भिजवून पांढरेशुभ्र करून वाळत घातले. दुसऱ्या दिवशी मी त्याच मोज्यांनी काच पुसली. संध्याकाळपर्यंत सगळे मासे उलटे तरंगत होते. सम्यक मोकळ्या पाण्यासमोर बसून राहिला, घास घेईना. मी फोनवर तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, घाणेरडे मोजे धुतले मी. आणखी काय केलं?" त्यानंतर ती आलेली नाही. माझं तोंड कसं आहे ते अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे, त्याला वेगळं कलम नको. मासे नवीन आणले. मोजे साध्या पाण्यातच पिळायचे, दर्शना, बाकी काही नाही.

कलम ८. सम्यकची पालक म्हणून मी दर्शनाचं नाव लिहितो. वकीलबाई म्हणाल्या की पालक सरकारी समिती नेमते, मृत्युपत्रात लिहून भागत नाही, आणि जिला नेमायचं तिची तयारी लागते. म्हणून काल इतक्या महिन्यांनी फोन केला. ती म्हणाली, "सासूबाई अंथरुणाला आहेत, घर दोन खोल्यांचं, पोरीची दहावी. मी नाही म्हणत नाहीये पप्पा. पण हो कसं म्हणू?" मी फोन ठेवला. जे बोलायचं होतं ते इथे लिहितो. दर्शना, मी तुझ्या पाया पडतो. बापाने मुलीच्या पाया पडू नये, मला कळतं. पण मला दुसरं काही येत नाही गं. तुझ्या भावाला कोणी बांधून ठेवू नये, एवढंच मागतो.

कलम ९. माझा अंत्यविधी साधा करावा. त्रिशरण पंचशील म्हणावं, जेवणावळ नको. प्रेत हॉलमध्ये असेपर्यंत टँकचा दिवा चालू ठेवावा आणि सम्यकला तिकडे तोंड करून बसवावं. त्याला जवळ घेऊ नये, कोणाला कितीही वाटलं तरी.

कलम १०. दर्शनाने नाही म्हटलं, तर प्रफुल्लने विचार करावा. प्रफुल्लनेही नाही म्हटलं, तर हितेशरावांनी. तिघांपैकी कोणावर माझ्या वतीने राग धरू नये, मी जिवंतपणी सगळ्यांवर पुरेसा काढला आहे. चौथं नाव मी दोन दिवस शोधतोय. शेजारपाजार, जुने सोबती, विहारातली माणसं, सगळी मनात फिरवून झाली. सापडलं नाही. तेव्हा कोणीच हो म्हटलं नाही, तर हे मृत्युपत्र रद्द समजावं आणि दौलत सखाराम गमरे याला मरण्याची मुभा नाही असं समजावं.

वरील मजकूर माझ्याच हातचा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, आणि माझ्यादेखत त्यांनी केली.

ठिकाण: शहाड
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५

सही: दौलत सखाराम गमरे

साक्षीदार:
१. विमलाबाई तांबे, शेजारीण (सही)
२. डॉ. सुशांत मोहिते, शहाड (सही). लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत, मी तपासले आहे.

पालक म्हणून मान्य:
(ही जागा मोकळी ठेवली आहे. पेन कागदालाच अडकवून ठेवलं आहे.)