पाच नेचे आणि शंभर वॉट

१ फेब्रुवारी २००७, मालवण
संजनाची काचपेटी आजपासून माझ्या ताब्यात. आत आंबोलीचे शेवाळ व पाच नेचे, म्हणजे फर्न. मुलीचे बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. सव्वीस तारखेला परीक्षकांसमोर हाच प्रोजेक्ट. सावंतवाडीला हॉस्टेलवर परतताना तिने बजावले : बाबा, तीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि दुसरे काही करू नका. दुसरी सूचना बेफिकीर माणसांसाठी असावी.

२ फेब्रुवारी
तिचा सीएफएल मिणमिणता. झाकणाखाली शंभर वॉटचा बल्ब बसविला. तापमान ३४. प्रारंभिक चढउतार.

४ फेब्रुवारी
३८. पत्नी नर्मदा स्वयंपाकघरातून : "ओ, दिवो पालवा मरे! झाडां शिजतली!" दिवा विझविला नाही; वनस्पतिशास्त्र हा तिचा विषय नव्हे, असे मी शांतपणे सांगितले. तुमचो तरी खंय आसा, असे ती म्हणाली. मी बी.कॉम. आहे, परंतु तक्ता हा सर्व शास्त्रांचा पाया होय. दर तासाला नोंद सुरू.

७ फेब्रुवारी, सायं. ७
पाच ते आठ लोडशेडिंग. अंधारातच संजनाचा फोन. त्या क्षणी २८ होते; तेच कळविले. बुडालेले तीन तास भरून काढण्यासाठी उद्यापासून बल्ब पहाटे पाचला.

१२ फेब्रुवारी
४१. एका नेच्याची टोके तपकिरी. कारण उघड : अनियमित वीज. वीज कार्यालयात मुद्देसूद अर्ज दिला. नेचा म्हणजे काय, असे कारकुनाने विचारले.

१५ फेब्रुवारी
झाकण सरकवून टेबल फॅन. ३९. शेवाळाचा पापड झाला. फॅन बंद.

१७ फेब्रुवारी
निर्णायक उपाय. बंदरावरून बर्फ आणला. बर्फवाला भाई म्हणाला, "सायबानू, बर्फ व्हरतास, मासळी खंय आसा?" दुर्लक्ष केले. बर्फ झाकणावर रचला. चार मिनिटांत तापलेल्या काचेला आरपार तडा. मासळीच्या वासाचे खारट पाणी थेट आत. शेजारचे मांजर टेबलाखालून हलत नाही.

१९ फेब्रुवारी
तिघे आडवे. संजनाचा फोन आला, नेचे पाच आहेत, असे सांगितले. आहेतच. "बाबा, खरां सांगा," असे ती दोनदा म्हणाली. लाईन खराब असल्याचे सांगून फोन ठेवला. आज तक्त्यातले अक्षर बिघडले.

२१ फेब्रुवारी
संजना न कळविता हजर. मी क्रमाने मांडले : वीज, काचेचा दर्जा, बर्फाची प्रत. तिने बल्ब काढून माझ्या हातात दिला. चटका बसला. उरलेले दोन नेचे मांडीवर घेऊन दुपारच्या एसटीने गेली.

२६ फेब्रुवारी
तिने नको म्हटले असतानाही कॉलेजात गेलो. दाराबाहेर बाकावर बसलो. परीक्षकांनी विचारले, तीन कशाने गेले? मग संजना म्हणाली, "सर, आमच्याकडे वीज फार जाते."
पास झाली. परतताना एसटीत तिला खिडकी दिली.
घरी येऊन तक्ता उघडला. वीज नव्हती त्या तासांना पेटी तिसाच्या आत. बल्ब पेटला होता त्या एकाही तासाला नाही.